आधी कागद बघा, मग देश: कोकणातल्या दमट घरात मांगा, मान्ह्वा आणि मान्हुआ एकत्र कसे लावायचे

आमचं घर मालवणपासून थोडं आत, चिऱ्याचं, कौलारू, पुढे माड आणि मागे खाडी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपलासुद्धा हिरव्या होतात. अशा घरात मी गेली आठ-नऊ वर्षं जपानी मांगा, कोरियन मान्ह्वा आणि चिनी मान्हुआ, म्हणजे त्या त्या देशातली कॉमिक्स, जमवतेय, आता साडेतीनशेच्या वर खंड झालेत आणि सहा सोडले तर सगळे धड आहेत. त्या सहा खंडांपासूनच सुरुवात करते, कारण पुढची सगळी पद्धत त्यांच्यामुळे बसली.

एका जुलैमध्ये रात्री माजघरावरचं एक कौल सरकलं आणि सकाळपर्यंत रॅकवर ठिपकत राहिलं. वरच्या फळीवर डावीकडे काळेपांढरे मांगा होते, उजवीकडे रंगीत मान्ह्वा. मांगा फुगले, पानं पापडासारखी वाकडी झाली, पण पंख्याखाली चार दिवस ठेवल्यावर वाचण्यासारखे झाले, आजही मी ते वाचते. मान्ह्वा मात्र वरून ठीक दिसले म्हणून मी नुसते पुसले आणि बाजूला ठेवले. दोन दिवसांनी उघडायला गेले तर उघडेचनात. सहाच्या सहा खंडांची वीट झाली होती, आणि जबरदस्तीने पान सोडवलं तर चित्राची साल निघून समोरच्या पानावर राहायची.

नंतर कळलं की गुळगुळीत रंगीत कागदावर पांढऱ्या मातीचा आणि चिकट द्रव्याचा पातळ थर दिलेला असतो, त्यामुळेच रंग झळकतो. हा थर भिजला की डिंकासारखा होतो आणि पान मिटलेलं असताना वाळला की कायमचा चिकटतो. मांगाचा खरखरीत कागद पाणी पितो, फुगतो, पिवळा पडतो, पण असा चिकटत नाही. म्हणजे शेजारी शेजारी उभी असलेली दोन पुस्तकं दोन वेगळ्या पद्धतीने खराब होतात आणि दोघांना वेगळी काळजी लागते. म्हणून माझं म्हणणं साधं आहे, समुद्राकाठी राहत असाल तर कपाट देशाप्रमाणे लावू नका, प्रकाशकाप्रमाणे तर नकोच, आधी कागदाप्रमाणे लावा आणि मग त्याच्या आत देश, मालिका, क्रमांक बघा.

तीन शेजारी, एक शब्द

मांगा, मान्ह्वा, मान्हुआ हे तिन्ही शब्द मुळात एकाच दोन चिनी अक्षरांचे तीन उच्चार आहेत, जपानी, कोरियन आणि चिनी. जपानमध्ये होकुसाई या चित्रकाराच्या रेखाचित्रांचा मांगा नावाचा पहिला खंड १८१४ सालचा. चीनमध्ये फंग झिकाई या चित्रकाराची चित्रं १९२५ मध्ये मान्हुआ या नावाने छापून येऊ लागली आणि शब्द रुळला. शब्द एक असला तरी वस्तू एक नाही. म्हणूनच सगळ्याला सरसकट मांगा म्हणणं मला खटकतं, कोणी मालवणी, आगरी आणि कोळी जेवण एकच म्हटलं तर आपल्याला जसं खटकेल तसंच. 

संग्रह करणाऱ्याला यातला सगळ्यात कामाचा फरक म्हणजे वाचायची दिशा. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे, म्हणजे आपल्या हिशोबाने पुस्तकाच्या शेवटाकडून सुरू. कोरियन मान्ह्वा आपल्यासारखा डावीकडून उजवीकडे. चीनच्या मुख्य भूमीतलंही बहुतेक डावीकडून, पण तैवान आणि हाँगकाँगचं पुष्कळसं उजवीकडून, कारण तिथे मजकूर उभ्या ओळींत छापायची पद्धत टिकून आहे. इंग्रजी भाषांतरात साधारण मूळची दिशा ठेवतात, मात्र जुन्या काळी मांगाची पानं आरशातल्यासारखी उलटी करून छापायचे, तसे खंड जुन्या बाजारात अजून सापडतात आणि त्यांत तलवार धरणारे सगळेच डावरे दिसतात. आमची आजी पहिल्यांदा मला वाचताना बघून म्हणाली होती, "ह्यां पुस्तक उलटां कित्याक वाचतंस गो?" तिला दिशा समजावून सांगितल्यावर तिनेच सुचवलं की पोरांसाठी काहीतरी खूण करून ठेव. ती खूण आज माझ्या प्रत्येक खंडात आहे, पुढे सांगते.

मूळ भाषेतलं पुस्तक हातात आलं आणि कुठलं ते कळत नसेल तर अक्षरं बघा. अक्षरांत छोटी गोल वर्तुळं आणि सरळ काड्या दिसल्या की कोरियन. दाट चौकोनी अक्षरांच्या मध्ये मध्ये हलकी, वळणदार अक्षरं पेरलेली दिसली की जपानी. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळीच दाट चौकोनी असतील तर चिनी. त्याहून खात्रीचं म्हणजे मागचा आयएसबीएन, बारकोडजवळचा पुस्तकाचा क्रमांक. ९७८ च्या पुढे ४ असेल तर जपान, ७ असेल तर चीन, ८९ असेल तर कोरिया, नव्या कोरियन पुस्तकांवर ९७९-११ सुद्धा येतो. तैवानचे ९५७, ९८६ आणि अलीकडे ६२६, हाँगकाँगचे ९६२ आणि ९८८. इंग्रजी भाषांतरावर मात्र ० किंवा १, नव्यांवर ९७९-८ सुद्धा येणार, तिथे हा उपाय चालत नाही, आतलं कॉपीराइटचं पान वाचा, मूळ नाव आणि मूळ देश तिथे बारीक अक्षरात दिलेला असतो.

घेताना काय बघायचं

आपल्याकडे सगळ्यात सोपे मिळतात ते इंग्रजी मांगा. कोरियनमध्ये आता बरंच काही येतंय, बहुतेक सगळं वेबटूनचं, म्हणजे मोबाइलवर वाचायच्या कॉमिक्सचं, छापील रूप. सोलो लेव्हलिंग हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण, येन प्रेस या अमेरिकी प्रकाशकाने २०२१ पासून त्याचे खंड काढले, पूर्ण रंगीत. पुढच्याच वर्षी त्यांनी कोरियन कॉमिक्ससाठी आइझ प्रेस असा वेगळा विभागच काढला. चिनीमध्ये सेव्हन सीज या प्रकाशकाने मो दाओ झू शी सारख्या कादंबऱ्यांवरचे मान्हुआ इंग्रजीत आणले. किंमत मात्र तयारी ठेवून बघा, साध्या मांगाच्या एका खंडाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त एका रंगीत खंडाला जातात. म्हणून एकदम सगळी मालिका मागवायच्या आधी पहिला खंड मागवा, कागद बघा, बांधणी बघा आणि तो खंड निदान एक पावसाळा घरात काढू द्या.

कोरियन मान्ह्वा म्हणजे फक्त मोबाइलवरचा रंगीत माल असं समजू नका. २००० च्या दशकात काळेपांढरे, अगदी मांगाच्याच मापाचे कितीतरी मान्ह्वा इंग्रजीत आले होते. कोरियात तेव्हा कॉमिक्स भाड्याने वाचायला देणाऱ्या दुकानांची चलती होती, आपल्याकडे जशी गल्लीत भाड्याची लायब्ररी असायची तशीच. मग वेबटून आलं, दाउम या कोरियन वेबसाइटचं २००३ मध्ये आणि नेव्हर या दुसरीचं २००४ मध्ये, आणि पान उलटायच्या ऐवजी अंगठ्याने वर सरकवायची सवय लागली. जुने काळेपांढरे खंड आता सेकंडहँडमध्येच मिळतात आणि बऱ्याच मालिका इंग्रजीत अर्धवट राहिल्या, कारण त्यातला मोठा प्रकाशक टोकियोपॉपने २०११ मध्ये अमेरिकेतलं प्रकाशन थांबवलं. म्हणून जुनी मालिका घ्यायच्या आधी इंग्रजीत एकूण किती खंड निघाले ते शोधून घ्या. अर्धवट असली तरी आवडली तर जरूर घ्या, पण माहिती असून घ्या. आणि एक पुस्तक तरी असं घ्याच जे कुठल्याही मालिकेत बसत नाही. मला विचाराल तर कुम सुक जेन्ड्री-किमचं ग्रास, दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने जबरदस्तीने नेलेल्या एका कोरियन मुलीची खरी हकीकत, काळ्या शाईत जाड ब्रशने काढलेली. ते माझ्या कपाटात जपानी मांगाच्या शेजारी उभं आहे आणि ते तिथेच असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता नकली प्रतींबद्दल, कारण रस्त्यावर आणि ऑनलाइन दोन्हीकडे त्या भरपूर आहेत. मांगामध्ये राखाडी छटा म्हणजे खरं तर बारीक ठिपके असतात, भिंग लावा किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ न्या. खऱ्या प्रतीत ठिपके सुटे सुटे दिसतात, नकलीत ते एकमेकांत मिसळून डाग किंवा लाटा दिसतात कारण ते पान स्कॅन करून परत छापलेलं असतं. कडेला संवादाचे फुगे कापले गेलेत का तेही बघा. रंगीत मान्ह्वामध्ये फसवणूक अजून सोपी ओळखता येते. वेबटूनचं चित्र फोनसाठी साधारण ८०० पिक्सेल रुंद असतं, आणि चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे हिशोब केला तर ८०० पिक्सेलमध्ये जेमतेम पावणेसात सेंटिमीटर रुंदीचं चित्र नीट छापता येतं. नकली छापणारा फोनवरून चित्र उचलून तेच पंधरा सेंटिमीटरच्या पानावर ताणतो, मग चेहऱ्याच्या रेषा धुरकट होतात, अक्षरांच्या कडा फुटतात. अधिकृत प्रकाशक मूळ मोठ्या फाइलींवरून पानं नव्याने जुळवतो. स्वस्त मिळतंय म्हणून नकली घेऊ नका, चित्रकाराला त्यातला एक पैसा जात नाही, आणि त्या प्रतींचा गोंद आपल्या हवेत दुसरा पावसाळा बघत नाही.

जुनी पुस्तकं घ्यायला मुंबईला गेलात तर फोर्टमधले फुटपाथवरचे ठेले आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळचे स्टॉल बघा, कधी काय हाती लागेल सांगता येत नाही. येताना रेल्वेत पुस्तकं खिडकीजवळच्या पिशवीत ठेवू नका, पावसात शिडकावा आत येतोच. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरच्या बर्थवर. आणि घरी आणलेलं जुनं पुस्तक लगेच कपाटात नाही, पंधरा दिवस वेगळ्या डब्यात. का ते कसरीच्या भागात येईल.

कपाट कुठे आणि कशाचं

आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत सगळ्यात ओली. कपाट तिथे नको, घराच्या आतल्या भिंतीला लावा. चिरा पाणी पितो आणि वर ओढतो म्हणून भिंत आणि कपाट यांत चार बोटं अंतर आणि खालचा कप्पा जमिनीपासून निदान फूटभर वर. पावसाळ्यात लादीला घाम येतो ते आपण सगळेच बघतो, तो घाम खालच्या फळीला मिळायला नको. माळ्यावर तर अजिबात ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे भट्टी आणि पावसाळ्यात गळती.

लाकूड फणसाचं किंवा सागाचं मिळालं तर उत्तम, जुन्या घराच्या पाडकामातल्या फळ्या मिळाल्या तर सोनंच, त्या पूर्ण वाळलेल्या असतात. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं पण त्याला भुंगा लवकर लागतो. प्लायच घ्यायचं असेल तर मरीन प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो, जाडी १८ मिलिमीटर. भुश्याच्या दाबलेल्या फळीचं तयार रॅक इथे आणू नका, एका पावसाळ्यात कडा फुगतात आणि वजनाने मधोमध झोळ येतो. वॉर्निश केलं असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, रिकामं ठेवा.

वजनाचा अंदाज लोकांना नसतो म्हणून जरा सविस्तर सांगते. मी घरच्या काट्यावर तोलून बघितलं, तीन फुटांचा कप्पा रंगीत मान्ह्वांनी गच्च भरला तर २५ किलोच्या पुढे जातो, तेवढाच कप्पा साध्या मांगांनी भरला तर जवळपास अर्धा. म्हणून रंगीत पुस्तकांची फळी दोन फुटांपेक्षा लांब ठेवू नका किंवा मध्ये एक उभा आधार द्या, आणि ती खालच्या बाजूला घ्या, पण अगदी तळाला नको. उंचीसुद्धा वेगळी लागते. जपानमध्ये छापलेला नेहमीचा मांगा साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास उंच, इंग्रजीतला १९, आणि रंगीत मान्ह्वा साधारण २१. वर दोन-तीन सेंटिमीटर हवा राहायला हवी आणि बोट घालून खंड काढता यायला हवा, म्हणून मांगाला २२ आणि मान्ह्वाला २४ सेंटिमीटरचा कप्पा करून घ्या. सुताराला सांगताना हाताचं माप सांगू नका, एक मांगा आणि एक मान्ह्वा सोबत घेऊन जा आणि समोर ठेवा.

लावणं

माझ्याकडे तीन भाग आहेत. 

पहिला खरखरीत कागदाचा. यात सगळे काळेपांढरे मांगा, जुने काळेपांढरे मान्ह्वा, तैवानचे काळेपांढरे मान्हुआ, आणि ग्रास सारखी सुटी पुस्तकं. हे सगळे एकत्र, देश वेगळे काढत नाही. यांना उजेडाचा त्रास, उन्हाची तिरीप पडली की कणे फिके आणि पानं पिवळी, म्हणून हा भाग खोलीच्या अंधाऱ्या बाजूला.

दुसरा गुळगुळीत कागदाचा. रंगीत मान्ह्वा, रंगीत मान्हुआ, आणि जपानी चित्रसंग्रहसुद्धा इथेच, कारण त्याचा कागद तोच. यांना ओलाव्याचा त्रास आणि स्वतःच्या वजनाचा त्रास. पानं नुसत्या गोंदाने कण्याला चिकटवलेली असतात, खंड तिरका उभा राहिला तर पानांचा गठ्ठा पुढे ओघळतो आणि कणा सुटतो. म्हणून सरळ उभे, दोन्ही बाजूंनी आधार देऊन, पण गच्च नाही. मधे तळहात सहज जाईल इतकी ढील ठेवा. गच्च भरले तर हवा खेळत नाही आणि दमट दिवसांत चकचकीत वेष्टनं एकमेकांना धरून बसतात.

तिसरा भाग पिना मारलेल्या पातळ पुस्तकांचा, आणि याची काळजी कोणीच घेत नाही. हाँगकाँगचे पातळ रंगीत अंक, आणि माझी सगळ्यात लाडकी लिआनहुआनहुआ, तळहाताएवढी चिनी चित्रपुस्तकं, पानावर एक चित्र आणि खाली चार ओळी मजकूर. १९२० च्या दशकात शांघायमध्ये ती जोरात सुरू झाली आणि रस्त्याकडेच्या ठेल्यांवर पोरं ती भाड्याने घेऊन तिथेच बसून वाचायची. खाऱ्या वाऱ्यात पिना गंजतात आणि गंज कागदाला खात जातो, भोवती तपकिरी डाग पडून शेवटी मधलं पानच सुटतं. पीन गंजायला लागलेली दिसली की सुरीच्या बोथट टोकाने हळूच पाय सरळ करून काढून टाका आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून गाठ मारा. आपल्या शाळेच्या वह्या शिवायचो तसंच. मग ही पुस्तकं घट्ट झाकणाच्या चपट्या डब्यात उभी, मागे पुठ्ठा देऊन.

आता प्रत्येक भागाच्या आत क्रम कसा. लेखकाच्या नावाने लावायचा प्रयत्न मी करून सोडून दिला. कोरियन आणि चिनी नावात आडनाव आधी येतं, जपानीतही तसंच, पण इंग्रजी खंडावर जपानी नाव बहुतेक वेळा उलटं करून छापतात आणि कोरियन कधी उलटं कधी सरळ. त्यात सोलो लेव्हलिंगची मूळ कादंबरी चुगोंगची आणि चित्रं जांग सुंग-राकची, मो दाओ झू शीची कादंबरी मो श्यांग तोंग श्योची आणि मान्हुआची चित्रं दुसऱ्याची, मग नाव कुणाचं धरायचं? त्यापेक्षा मालिकेच्या नावाने, आणि तेही आपल्या अकारविल्ह्याने. नाव मराठीत जसं उच्चारता तसं देवनागरीत लिहा आणि त्याप्रमाणे लावा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये चिनी नावांचे दोन-तीन प्रकार असतात, देवनागरीत तो घोळ राहत नाही आणि घरातल्या कोणालाही पुस्तक शोधता येतं. कादंबरी आणि तिच्यावरचा मान्हुआ दोन्ही असतील तर शेजारी ठेवायचा मोह होतो, पण कागद वेगळा असेल तर वेगळेच ठेवा आणि नोंदवहीत दोघांचा उल्लेख करा.

आजीने सुचवलेली खूण अशी. प्रत्येक खंडात एक कागदी पट्टी, वरून बोटभर बाहेर येणारी. लाल पट्टी म्हणजे उजवीकडून वाचायचं, हिरवी म्हणजे डावीकडून. पट्टीवर पेन्सिलीने देश आणि खंडाचा क्रमांक. यामुळे देश वेगळे न काढताही कपाटावर एक नजर टाकली की कळतं कुठे काय आहे, आणि चतुर्थीला मुंबईहून आलेला माझा भाचा शेवटचं पान पहिलं वाचून गोष्ट बिघडवून घेत नाही. पुस्तकावर स्टिकर मात्र लावू नका, डिंक दमट हवेत पाझरतो आणि कसरीला आयतं जेवण मिळतं. जपानी खंडाला कधी कधी खाली कागदाचा पट्टा गुंडाळलेला असतो, त्याला ओबी म्हणतात, तो फेकू नका, काढून आतल्या पानात सपाट ठेवा. वेष्टनाला प्लॅस्टिकचं कव्हर घालायचं तर कडक पारदर्शक पॉलिप्रोपिलिनचं घाला, मऊ आणि वास येणारं नको, ते काही वर्षांनी चिकट होतं.

पावसाळ्याची बेगमी

आपण आगोटीची तयारी मेमध्ये करतो, पण पुस्तकांची बेगमी मेमध्ये केली तर उशीर झाला, कारण मेमध्ये हवा आधीच दमट असते आणि तोच दमटपणा आपण डब्यात बंद करतो. किनाऱ्यावर सगळ्यात कोरडी हवा डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा दुपारच्या वेळी खंड पडवीत सावलीत, वारा लागेल असे अर्धवट उघडून उभे ठेवा, दोन-तीन दुपारी. थेट उन्हात कोकमांच्या शेजारी वाळत घालू नका. मग त्याच दिवशी, संध्याकाळचा ओलावा उतरायच्या आत डब्यात.

कुठले डब्यात आणि कुठले बाहेर? गुळगुळीत कागदाचे सगळे डब्यात. खरखरीतमधले जे पुन्हा मिळणार नाहीत ते डब्यात, बाकीचे कपाटात राहू द्या. डबा घट्ट झाकणाचा, रबराची कडा असलेला. आत सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, तीस-चाळीस खंडांच्या डब्याला मी पाव किलो कापडी पिशव्यांत भरून ठेवते. निळ्या रंगाचं घेऊ नका, त्यात कोबाल्टचा क्षार असतो, घरात पोरं असतील तर तो नको. नारिंगी घ्या, ते ओलं झालं की हिरवं होतं. हिरवं झालं की जुन्या कढईत, जी स्वयंपाकाला वापरत नाही अशा, मंद आचेवर परतून पुन्हा नारिंगी करा, पूर्ण थंड करून मगच आत. एक छोटं आर्द्रता मोजायचं यंत्र तीनशे-चारशे रुपयांत मिळतं, ते डब्यात ठेवा. काटा ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशीला पोषक हवा झालीच, डब्यात ४५ ते ५५ राहिला की निवांत झोपा. 

वाचायचे दहा-पंधरा खंड एका वेगळ्या छोट्या डब्यात काढून ठेवा, मोठा डबा जूननंतर उघडायचा नाही. रोज झाकण उघडलं तर सिलिका आठवडाभरात संपते.

कपाटात राहिलेल्यांसाठी आमच्याकडे जुनी पद्धत आहे, बंद कपाटात खालच्या कप्प्यात एक पिवळा झिरोचा बल्ब. त्याच्या उबेने हवा कोरडी राहते. एलईडी बल्ब उब देत नाही, तो इथे उपयोगाचा नाही. बल्बपासून वीतभर सगळीकडे मोकळं ठेवा, वायरिंग चांगलं असू द्या आणि घरात कोणी नसताना बंद करा.

कसर, बुरशी आणि भिजलेलं पुस्तक

कसर म्हणजे ती चंदेरी, सरपटत पळणारी. तिला खळ, गोंद आणि गुळगुळीत कागदावरचा थर आवडतो, म्हणजे मान्ह्वा तिला मांगापेक्षा गोड लागतो. वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून प्रत्येक कप्प्यात ठेवा, दर सहा महिन्यांनी बदला. डांबर गोळ्या मी वापरणं बंद केलं, वास पुस्तकात कायमचा बसतो आणि वाचताना डोकं दुखतं. जुनं विकत घेतलेलं पुस्तक पंधरा दिवस वेगळं ठेवायचं ते याचसाठी, डब्यात बारीक भुकटी किंवा कुरतडलेल्या कडा दिसल्या तर फ्रीजरचा उपाय करा. कोरडं पुस्तक झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, दुसऱ्या पिशवीत घाला कारण आपल्या फ्रीजरमध्ये बांगडे असतातच, आणि दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर गारव्यावर पाणी धरतं ते थेट पानांवर. बंद राहिली तर ते पाणी पिशवीच्या बाहेरच राहतं.

बुरशी दिसली तर ओलं फडकं लावू नका. पुस्तक वेगळं काढा, कोरडं होऊ द्या, मग अंगणात, तोंडाला मास्क लावून, मऊ रंगाच्या ब्रशने कण्याकडून बाहेरच्या दिशेला झाडा. 

आणि भिजलंच तर, हे सगळ्यात महत्त्वाचं. खरखरीत कागदाचं पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उघडून वाऱ्याला ठेवा, अर्धवट सुकलं की वजनाखाली. गुळगुळीत कागदाचं पुस्तक मात्र मिटलेलं एक तासही सुकू देऊ नका. ओलं असतानाच प्रत्येक दोन पानांत बटर पेपर घाला, हळूहळू, ओढाताण न करता, आणि दर काही तासांनी कागद बदला. एकाच वेळी बरीच भिजली असतील आणि हात पुरत नसतील तर जशी आहेत तशी बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका. गोठलं की चिकटणं थांबतं, मग एकेक काढून सोडवता येतं. मोठी ग्रंथालयं पुरानंतर हेच करतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची किती पुस्तकं गेली ते आपण पाहिलंय, म्हणून नदीकाठी किंवा खाडीकाठी राहणाऱ्यांनी डबे जमिनीवर नको, कमरेच्या वरच ठेवा. आमचं कौल सरकलं त्या जुलैमध्ये मला ही फ्रीजरची गोष्ट माहीत असती तर ते सहा खंड आज कपाटात असते.

नोंदवही

एक साधी दोनशेपानी वही पुरते. मालिकेचं नाव, देश, दिशा, कागद, आयएसबीएन, कुठून घेतलं, किती खंड निघालेत, माझ्याकडे किती. वेबटूनच्या बाबतीत अजून एक रकाना ठेवा, छापील खंडात फोनवरचा कितवा भाग संपतो तो, कारण पुढचा खंड यायला वेळ लागतो आणि मधल्या काळात फोनवर कुठून पुढे वाचायचं ते आठवत नाही. दर दिवाळीला वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवा, वही सुद्धा कागदच आहे.

दिवाळीनंतर हवा कोरडी व्हायला लागली की मोठे डबे उघडा. आधी सिलिकाचा रंग बघा, मग प्रत्येक रंगीत खंड मधोमध उघडून पानं सुटी आहेत ना ते बघा, वास घ्या, दमट वास आला तर तो खंड दोन दिवस पडवीत. सगळे ठीक असतील तर क्रमाने परत फळीवर, आणि ज्या मालिका अजून चालू आहेत त्यांच्या शेवटच्या खंडापुढे चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर नवीन खंड आल्यावर अख्खी ओळ सरकवावी लागते.